कोरा चंद्र

निवतीला आमच्या मांगरात, जिथं जाळी सुकतात
आणि डांबराचा वास भर पावसातही जात नाही,
एक जपानी कॅलेंडर आहे. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.
जनार्दनकाकानं कोबेच्या बंदरातून आणलेलं,
जहाज कंपनीची भेट. काका आता नाही, कंपनीही नसावी.
बारा पानं होती, सात उरली आहेत.
जूनचं म्हणे चुलीत गेलं, ओलं सरपण पेटेना म्हणून.

सातही पानांवर चंद्र.
लाकडी पुलावर. वाकड्या फांदीआड.
डोंगरउतारावरच्या भाताच्या खाचरांत तर
प्रत्येक कुणग्यात एकेक, वाटणी झाल्यासारखा.
एका पानावर छत्री घेतलेली बाई, पाठमोरी.
ती कुठं निघाली आहे ते मला अजून कळलेलं नाही.

शेवंती खवणेकर टोपली उतरवताना एकदा
ऑगस्टसमोर थांबली.
नदीत तीन होड्या, वर पुनवेचा गोळा.
“ह्यांका मासळी गावता काय रे उजवाडात?
बांगडो जाळा बघता नि पळता.
ही माणसां रातची नुसती बसान करतत काय?”

मी काय सांगणार?
आमच्याकडे पुनवेला होड्या वाळूत ओढून ठेवतात.
दुकानदार पंचांग बघून उधारीची वही काढतो.
समुद्र जे काही देतो ते काळोखात.
वल्हं बुडवलं की पाणी पेटतं,
आणि खालून मासळीचा थवा
हिरवट धुरासारखा सरकताना दिसतो.
चंद्र छान दिसतोय, असं
आमच्या घरात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

सगुण मेस्त होड्या बांधायचा.
त्यानं पान भिंतीवरून काढलं, दारात उन्हाला धरलं,
आणि लाकूड तपासावं तसं तपासलं.
“ह्या आभाळ बघ. रेघो दिसतत?
लाकडाची शीर ती. शाईन उचलल्यान.”
खरंच. रात्रीच्या निळ्यात
कुठल्याशा परक्या झाडाचे पावसाळे वाहत होते,
एक दाट, एक विरळ.
मग त्याचं बोट चंद्रावर आलं, नखात डांबर.
“आणि हयसर शाईच नाय.
ह्यो नुसतो कागद.”

चंद्र कुणी छापलाच नव्हता.
सगळी मेहनत रात्रीची होती.

आम्ही करून बघितलं.
होडीतून उरलेली फणसाची फळी, बारीक पटाशी.
मी विचारलं, चंद्राचं काय करू?
सगुण म्हणाला, “कोरो.”
कोरा म्हणजे रिकामा, आणि कोरा म्हणजे कोरून काढा;
मराठीला दोन्हींत फरक करावासा वाटला नाही.
फळीत चंद्र म्हणजे एक खड्डा,
वाटीएवढा, पिवळा, फणसाच्या वासाचा.
कपड्यांची नीळ पेजेत कालवून फासली,
करवंटी पोफळीच्या विरीत गुंडाळून घासली.
पहिल्या कागदावर चंद्र बुडाला.
दुसऱ्यावर त्याला एक शेपूट आलं.
पाचवा बरा होता. तो उंदरांनी नेला.

फळी वाया घालवणं सगुणच्या रक्तात नव्हतं.
त्यानं ती आमच्या होडीत बसायला ठोकली,
खड्डा वर ठेवून. नीळ अजून गेलेली नाही.

परवा अवस होती. दीपगृहाचा झोत येऊन जायचा,
मग काळोख आणखी काळा.
जाळं ओढताना पाणी उडालं, खड्ड्यात साचलं,
आणि माझ्या मांडीशेजारी काहीतरी उजळलं,
हिरवट, थरथरतं, गोल.
शपथ घेणार नाही. फार तर दोन श्वास टिकलं असेल.
मग कुणाचा तरी पाय पडला.

सकाळी शेवंतीला सांगायला गेलो.
तिनं टोपली पुढं केली.
“बांगडो किती?”